टाकीच्या भिंतीतला सांधा

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कधी कुणी हे वाचलंच, तर समजून घ्यावं.

नाशिकच्या बाहेर आमचा झेंडूचा मळा आहे. तिथली काँक्रीटची पाण्याची टाकी माझ्या धाकट्या भावानं बांधली. तो कळवणला मिस्त्री आहे. बांधकाम पक्कं व्हावं म्हणून त्यावर रोज पाणी मारायचं काम माझं. मी गोणपाटं लावून भिजवत होते. तरी टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा भिंतीला आडवी फट पडली आणि पाणी वाहून गेलं.

भाऊ येऊन म्हणाला, "ताई, तू पाणीच कमी मारलं. माझं काम लय पक्कं असतं."

सासूबाई म्हणाल्या, "मालिका बघायला बरा वेळ मिळतो."

नवरा पाठ फिरवून मळ्यात निघून गेला. ते जास्त लागलं. चारचौघांत मला बोलता येत नाही. पुढे मलाच वाटू लागलं, एखादा दिवस राहिला असेल.

मुलगी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहून इंजिनिअरिंग शिकत होती. काँक्रीटमधले सांधे आणि भेगा, हाच तिचा प्रोजेक्ट. सुट्टीत तिनं माझ्या बर्फीच्या ट्रेमध्ये सिमेंट-वाळूच्या लाद्या ओतल्या. काही एका दमात, काही दोनदा: अर्धी लादी आधी आणि उरलेली अर्धी काही दिवसांनी. काही भिजवल्या, काही उन्हात ठेवल्या. उन्हातल्यांवर बारीक भेगांचं जाळं आलं. दोनदा ओतलेल्या मात्र वजन टांगताच सांध्यावर सरळ तुटल्या, भिजवलेल्यासुद्धा. मग तिनं कॉम्प्युटरवर आमची टाकी तयार केली, मधला सांधा कच्चा धरला आणि पाण्याचा दाब वाढवत नेला. फट तिथेच उघडली.

"आई, मामानं भिंत एकाच दिवशी ओतली होती का?"

"नाही गं. सिमेंट संपलं. काही दिवसांनी येऊन उरलेली ओतली."

"नवा थर चिकटावा म्हणून जुना खरवडला होता?"

"नाही."

जेवताना तिनं हे सगळ्यांना सांगितलं. सासूबाई मला म्हणाल्या, "मग तोंड का नाही उघडलंस?" नवऱ्यानं भावाला बोलावून लादीचे तुकडे दाखवले. भाऊ बराच वेळ एक तुकडा हातात फिरवत राहिला.

"खरवडायचं राहिलं. दुसऱ्या कामावर जायची घाई होती," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

भिंत नव्यानं बांधायचे पैसे त्यानं थोडे थोडे करून आणले. राहू दे, असं म्हणावंसं वाटायचं, पण म्हटलं नाही. परवा भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर शेवटचे पैसे त्यानं नवऱ्याकडे न देता माझ्या हातात दिले. सगळे फिटले.