गुर्जींच्या मानेवरचा डाग

हसायचंय ना माझ्यावर? हसा. पण आधी पुरतं ऐका. अर्धवट ऐकून हसणारी माणसं मला सोसत नाहीत. गाढवपणा माझा आहे, तो सांगायचा हक्कही माझाच!

माझी नात सुजाता. जन्मली तीच डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जांभळट लाल डाग घेऊन. झालं! कोहिनूर गावच्या बाजारापासून आमच्या गल्लीपर्यंत जो तो वैद्य. "सुनेनं ग्रहणात भाजी चिरली असंल!" अहो, चिरली! नसती चिरली तर तुम्ही घालणार होता का आम्हाला जेवायला?

पोरीला उचललं आणि गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काचेचा गिलास तिच्या गालावर दाबला. डाग फिका पडला! गिलास काढला, परत लाल. म्हणाल्या, "आजी, कातडीखालच्या बारीक रक्तनळ्या हिच्या जन्मापासून रुंद आहेत. त्यात रक्त जास्त, म्हणून हा रंग. दाबलं की रक्त बाजूला सरतं. हे कुणाला लागत नाही आणि ग्रहणाचा काही संबंध नाही." दारापर्यंत आल्यावर आणखी सांगितलं, "पण कुणाचा ताजा लाल डाग काचेखाली फिका पडलाच नाही, तर रक्त नळीबाहेर सांडलेलं असू शकतं. तिथं उशीर करायचा नाही."

आता मी निजामाच्या राज्यात शाळेच्या भिंतीबाहेर उभी राहून अक्षरं शिकलेली बाई. आत कोण घेत होतं आम्हाला? एवढं ज्ञान हाती लागल्यावर मी गप्प बसेन? निम्म्या गावाच्या अंगाला गिलास लावला मी. डासाच्या गांधीसुद्धा सोडल्या नाहीत!

सुजी दुसरीत गेली आणि शाळेत नवे गुर्जी आले. चौथ्या दिवशी पोर रडत घरी. "आज्जे, मला दारापाशी बसवलंय. पोत्याच्या येगळ्या तुकड्यावर. म्हणले, बाकीच्यांना लागंल."

दारापाशी! वेगळं पोतं! आम्ही धर्म बदलला तो काय पुन्हा त्याच पोत्यावर बसायला?

गिलास पदराखाली घेतला आणि थेट वर्गात शिरले. गुर्जी टाक हातात धरून वह्या तपासत होते.

"गुर्जी, माझी नात दारात कामून?"

"अक्का, पोरांचे बाप बोंबलायलेत. मी काय करू?"

"हे बघा!" सगळ्या वर्गापुढं सुजीच्या गालाला गिलास लावला. फिका. काढला. लाल. पुन्हा फिका. पोरं "आऽऽ" करत पुढं सरकली. "ह्यो रोग न्हाई, रक्ताच्या नळ्या हायत. कळलं?"

गुर्जी कसले ऐकतात! "दाबल्यावर कुनाचंबी कातडं फिकंच पडतंय, अक्का. त्यात काय मोठं?"

"व्हय? बघू तुमचं!"

त्यांची मान वळवली, तर उजव्या कानामागं लालभडक डाग, चिंचोक्याएवढा! गिलास दाबला. फिका पडेना. जोर लावला. पडेना! तिसऱ्यांदा दाबला. तरी तसाच!

"गुर्जी, ह्यो डाग कवापास्नं हाय?"

"कंचा डाग?"

"ताजाच दिसायलाय. गुर्जी, तुमचं रक्त सांडलंय. आतल्या आत."

"नीट बघा की अक्का!"

"तीनदा बघितलं. हलू नका. गुलबर्ग्याला न्यावं लागतंय."

माणूस खुर्चीत खचला. "सकाळपास्नं डोकं दुखायलंच होतं... बायकू संतपूरला हाय माझी, तिला तार करा..."

मागून कुणीतरी ओरडलं, "लागंल रे!" अख्खा वर्ग पलीकडच्या भिंतीला चिकटला. आणि खोटं कशाला बोलू? मीही दोन पावलं मागं सरले. गिलासाचा हात लांब धरून!

सुजी तेवढी पुढं गेली. पाटी पुसायचं ओलं फडकं घेऊन तिनं गुर्जींची मान खसाखसा घासली. फडकं लाल, मान साफ.

"शाई हाय की आज्जे! गुर्जी टाकानं मान खाजवतेत. रोजच."

बघा! अक्षरासाठी भिंतीला कान लावून उभी राहिलेली मी, आणि मला शाई ओळखता आली नाही!

वर्ग हसून लोळला. सुजी मात्र हसली नाही. "आज्जे, तू मागं कामून सरलीस?"

मी गिलास हळूच पदराखाली सारला.

गुर्जी खाली मान घालून उठले, सुजीचं दप्तर स्वतः पहिल्या रांगेत नेऊन ठेवलं. "हितं बस, माय."

"आन् दारातलं ते पोतं?" मी विचारलं.

"भ्यालेल्यानं बसायचं," पोरीनं माझ्याकडंच बोट केलं.

बसले! लाजायचं कशाला? शाळा सुटेपर्यंत ताठ बसले. दारापाशी का होईना, पण साठीला पोचल्यावर शाळेच्या आत बसले मी!

आणि तिथून सारा वेळ गुर्जींच्या मानेकडं बघत होते. डावी बाजू तपासायची राहिली होती ना!