भगत सिस्टरांचं बिनवायरचं ड्रिल

भगत सिस्टर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती दोन्ही तळहातांवर घ्यायच्या आणि डोळे मिटून क्षणभर उभ्या राहायच्या. मग ती पपई असो, कुकर असो की नातवाचं दप्तर. नेरच्या बाजारात भाजीवाली काट्यावर काही ठेवायच्या आत त्या वजन सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि काटा बहुतेक वेळा त्यांच्या बाजूनं उभा राहायचा. पस्तीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून बाळंतपणं केली होती. फुलसावंगीकडच्या एका उपकेंद्रात वजनकाटा सहा महिने बंद पडला होता, तेव्हा त्यांना ही सवय लागली. डोळे मिटायचं कारण त्या सांगायच्या, "डोये उघडे ठेवले का लेकरू मोठं दिसते. मायले बरं वाटावं म्हून आपुनच शेदीडशे गिराम वाढवतो."

माझं वजनही त्यांच्या तोंडपाठ होतं. मी झालो तो आमच्या घरीच, त्यांच्या हातावर. मी आता ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, पोट सुटलंय, केस पिकलेत, तरी रस्त्यात कोणी भेटलं की त्या माझी ओळख करून द्यायच्या, "हा दोन किलो सातशे होता."

त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. नवरा एसटीत वाहक होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. पुढे त्याच वडिलांनी त्यांना शिकवलं, नर्सिंगला घातलं. निवृत्त झाल्यावरही त्यांचं काम सुटलं नाही. रोज अकराच्या सुमारास रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन त्या आमच्याकडे यायच्या आणि माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईजवळ तासभर बसायच्या. मी त्या वेळी कॉलेजात, बायको दारव्ह्याच्या शाळेत. त्या तासाभरात दोघी काय बोलायच्या हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

एका रविवारी, उन्हाळा लागायच्या जरा आधी, सिस्टर थेट माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. "तू फिजिक्स शिकवतो ना बाबू," त्या म्हणाल्या, "मंग मले सांग, बिनवायरचं डिरील कोणतं घ्यावं?"

मला आधी वाटलं, जावयाला द्यायचं असेल. तर म्हणाल्या, नाही, मलेच पाह्यजे. कशासाठी विचारलं तर म्हणाल्या, घरचंच काम हाये. वायरचं घ्या, स्वस्त पडतं आणि ताकदही जास्त असते, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी मान हलवली. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागलेली माणसं त्यांच्यासमोर आणली जात, त्यातली कितीतरी त्यांच्या देखत गेली होती. ओल्या जागी वायर नेणार नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. ओली जागा कोणती, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. सुचला नाही. मी फोन उघडून बसलो होतो.

आणि फोन उघडल्यावर माझाच गोंधळ सुरू झाला. बारा व्होल्ट, अठरा व्होल्ट, वीस व्होल्ट. ब्रश असलेली मोटर, ब्रश नसलेली मोटर. दीड अँपिअर-तास, दोन, चार. एका पेटीत सेहेचाळीस नग, दुसऱ्या पेटीत एकशे आठ. काही पेट्यांत ड्रिलबरोबर करवत, काहींत टॉर्च, एकीत चक्क पंखा. मी मोठ्या उत्साहानं त्यांना समजावलं, की अठरा आणि वीस व्होल्ट ही एकच बॅटरी असते. आत पाच सेल. पूर्ण भरल्यावर वीस दाखवतात आणि काम करताना अठरावर येतात. सिस्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग नावं दोन कायले?"

अँपिअर-तास सांगताना मी टाकीचं उदाहरण दिलं, मग पंपाचं दिलं, आणि मध्येच माझं मलाच काही कळेना. त्यांनी मला थांबवलं. व्होल्ट म्हणजे सलाईनची बाटली किती उंच टांगली ते आणि हे दुसरं म्हणजे बाटली केवढी मोठी ते, असंच ना, एवढं त्यांनी विचारलं. तसंच होतं. वीस वर्षं मी हा धडा शिकवतो आहे, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता. आता मी वर्गात सलाईनच सांगतो.

तरीही पहिली खरेदी माझ्यामुळे फसली. एकशे आठ नगांची बारा व्होल्टची पेटी मी फोनवरूनच मागवली. सिस्टरांच्या अंगणातल्या भिंतीवर आम्ही ती लावून पाहिली. ड्रिल खूप फिरलं, खूप ओरडलं, आणि भिंतीवर टिकलीएवढा पांढरा ठिपका उमटला. भिंत कडक आहे, असं मी म्हणालो. खरं म्हणजे त्या यंत्रात फिरता फिरता हातोडीसारखा ठोका द्यायची सोयच नव्हती. लाकडात स्क्रू बसवायला ते ठीक होतं, काँक्रीटपुढे त्याचं काही चालणार नव्हतं. हे मला दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या शिपायानं सांगितलं. ती पेटी परत पाठवण्यात आठ-दहा दिवस गेले. मी खजील होतो. सिस्टर म्हणाल्या, "पहिलटकरीण हाये. वेळ लागतेच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. नवा गॅस पेटेना, नवा फोन कळेना, नवी सून बोलेना, सगळ्याला त्या पहिलटकरीणच म्हणायच्या आणि कोणालाही घाई करू द्यायच्या नाहीत.

मग आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो. बाजारातल्या एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मालकानं तीन ड्रिल काउंटरवर मांडली आणि सगळी माहिती मला सांगायला सुरुवात केली. पैसे कोणाचे, यंत्र कोणाला हवंय, हे त्यानं विचारलंच नाही. मी दोनदा सिस्टरांकडे बोट दाखवलं. तो त्यांच्याकडे बघून हसायचा आणि पुन्हा माझ्याशी बोलायचा. सिस्टरांनी तिन्ही यंत्रं एकेक करून तळहातांवर घेतली, डोळे मिटले. मग बॅटरी लावून पुन्हा घेतली. मग एकेक हातात धरून खांद्याच्या वर उचलली आणि मनगटावरचं घड्याळ बघत, नाडी मोजावी तशी, दोन-दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. दुकानातलं गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. सगळ्यात मोठ्या ताकदीचं ड्रिल त्यांनी बाजूला सारलं. त्यांचा अंगठा दुखायचा, आणि हात थरथरला तर भोक वाकडं पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"घरगुती वापर की धंद्यासाठी?" मालकानं आता पहिल्यांदा त्यांनाच विचारलं.

"घरचंच काम हाये," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. तीन वर्षांनी ही बॅटरी मेली तर अशीच दुसरी तुमच्याकडे मिळेल का. ठोका बंद कसा करायचा. आणि बोट सोडल्यावर हे लगेच थांबतं का. मालकानं पुढची कडी फिरवून स्क्रू, भोक आणि हातोडी अशी तीन चित्रं दाखवली. फरशीला भोक पाडायचं असेल तर काय करायचं, असं त्यांनी विचारल्यावर तो जरा सावरून बसला. आधी ठोका बंद ठेवायचा, भाल्याच्या टोकाचा बिट, म्हणजे भोक पाडायची सळई, लावून सावकाश फरशी पार करायची, आणि मागची भिंत लागली की मगच बिट बदलून हातोडीच्या चित्रावर जायचं, नाहीतर फरशी तडकते. सिस्टरांनी त्याच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं आणि पेननं हाताच्या मागच्या बाजूवर लिहून ठेवलं. शेवटी अठरा व्होल्टचं, ठोक्याचं, पण आटोपशीर ड्रिल घेतलं. बॅटऱ्या दोन, बिट मोजून सहा, आणि एक चष्मा. एकशे आठ नगांच्या पेटीकडे त्यांनी बघितलंही नाही.

येताना बसमध्ये मी पुन्हा विचारलं, फरशीला भोकं कशाला हवीत. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, सांगीन.

पुढचा महिनाभर दुपारच्या वेळी त्यांच्या अंगणातून ड्रिलचा आवाज यायचा. सुट्टीच्या दिवशी मी गच्चीवर जाऊन पाहिलं. फरशीचे तुकडे भिंतीला टेकवून त्या एकामागून एक भोकं पाडत होत्या. काही तुकडे तडकत होते, ते एका कोपऱ्यात रचून ठेवलेले. एवढी शहाणी बाई या वयात हे काय करून राहिली आहे, मला काही उमगेना. त्यांच्या मुलीला फोन करावा का, असंही एकदा मनात आलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, करू दे की, तुझं काय जातं.

परीक्षा संपल्या तेव्हा एक दिवस मी दुपारी बारालाच घरी आलो. आत आल्याबरोबर तोच आवाज, आणि या वेळी आमच्याच घरातून. आई बाथरूमसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आत सिस्टर, पदर खोचलेला, डोळ्यांवर चष्मा. भिंतीवरच्या फरशीवर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे चार तुकडे, त्यांवर पेनाच्या फुल्या. तीन भोकं झाली होती.

हे काय, असं मी ओरडलोच असेन. सिस्टरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बाजूले व्हय," त्या म्हणाल्या, "आता हातोड्यावर हाये."

चौथं भोक होईपर्यंत मला कोणी काही सांगितलं नाही. मग आईनंच तोंड उघडलं. दिवाळीची सुट्टी संपून आम्ही कामावर गेलो तेव्हा ती बाथरूममध्ये पडली होती. संक्रांतीनंतर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा सिस्टर आल्यावरच तिला उठता आलं. माझ्या घरात माझी आई दोनदा पडली होती, आणि मी दोन महिने तिच्याच बाथरूमसाठी व्होल्ट आणि अँपिअर-तास मोजत बसलो होतो.

मला राग आला. तो सिस्टरांवर आला. मला का सांगितलं नाही, मी मिस्त्री बोलावला असता, एका दिवसात काम झालं असतं, असं मी बरंच काही बोललो. त्यांनी चष्मा वर सरकवला. त्यांचा आवाज चढला नाही.

"बाई म्हणे सांगू नको. पेशंटनं नको म्हटलं तं मी माह्या नवऱ्यालेबी सांगत नव्हती. तू कोण हाये?"

आणि आई म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू मला आतून कडी लावू दिली नसती."

ते खरं होतं. पहिल्याच दिवशी मी ती कडी काढून टाकली असती. दाराबाहेर एखादी बाई बसवली असती. मग आईनं आंघोळ कशी केली असती, हे माझ्या मनातही आलं नसतं.

सिस्टरांनी प्लास्टिकचे प्लग ठोकले, स्टीलचा दांडा बसवला, स्क्रू आवळले. एका फरशीचा कोपरा जरासा तडकला होता, त्यावरून त्या कितीतरी वेळ स्वतःवरच चिडल्या. मग दांडा धरून त्यांनी गुडघे सोडले आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून पाहिला. तो हलला नाही. तेव्हा मला बाहेर जायला सांगून त्यांनी आईला आत घेतलं आणि कडी लावली. बराच वेळ दोघी आत होत्या. मी स्वयंपाकघरात उभा होतो. आवाज येत होते, शब्द कळत नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी गावातल्या कितीतरी घरांत असे दांडे बसवले. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली होती, त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. कोणी विचारलं की कुठे निघालात सिस्टर, तर ड्रिलची पिशवी खांद्यावर टाकत म्हणायच्या, घरचंच काम हाये. मी एकदा त्यांना विचारलं, माझ्या आईसाठी तुम्ही एवढं का केलंत. त्या जरा बुचकळ्यातच पडल्या. "काहून म्हंजे?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी चुकीचं विचारलं असावं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. नागपूरला मुलीकडे गेलेल्या असताना छातीत दुखायला लागलं, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्यांना नेरला आणलं. मला यायचंच आहे, असं आई म्हणाली. बुद्धवंदना सुरू होती तेव्हा ती बायकांमध्ये खाली सतरंजीवर बसली. तिला खाली बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

घरी आल्यावर ती खिडकीपाशी खुर्चीत बसली. मग एकदम म्हणाली, "तू झालास तेव्हा सिस्टर दोन दिवस आपल्याकडे होत्या. तुझ्या आजीनं त्यांचा कप वेगळा ठेवला होता. खिडकीत."

आजीच्या वेळच्या गोष्टी, असं काहीतरी मी म्हणालो.

"आजी आठ दिवसांत गावी गेली," आई म्हणाली. "त्याच्यानंतर मीच ठेवत होती. कितीतरी वर्षं."

त्यांना ते माहीत होतं का, असं मी विचारलं. आई म्हणाली, माहीत कसं नसेल, चहा झाला की त्याच तो धुऊन पुन्हा खिडकीत ठेवायच्या.

"मग तू त्यांना कधी काही बोलली नाहीस?"

"दांडा बसवला त्या दिवशी बोलणार होती. आत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, सिस्टर, एक सांगायचं राहून गेलं. तर त्या म्हणाल्या, बाई, बोलू नका. आधी घट्ट धरा, अन् मंग उठा."

मुद्दाम थांबवलं का त्यांनी तुला, मी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते कळलं नव्हतं.

"मग?"

"मग काय," आई म्हणाली. "मग उठली."