घोंगडीखालची ठिणगी

कारंज्याले भाजी विकाले जाताना तो फटफटीवाला मिस्त्री मले नेहमी दिसे. करंट कुठून गळून राह्यला हे पाहाले तो भर दुपारी फटफटीसकट घोंगडीखाली शिरे. म्हणे, ठिणगी अंधारातच दिसते.

माझी बायको तापानं फणफणली, तेव्हा डॉक्टरची फटफटी त्याच्याच दारात बंद पडून होती.

"झोपला का रे आत?" मी ओरडलो.

"किक मारा काकाजी, बोलू नका."

शेवटी फुटकी वायर सापडली, त्यानं तिच्यावर रबर गुंडाळलं. डॉक्टर आले, पण बायको गेली.

पुढं मिस्त्री भेटला तं म्हणे, "डॉक्टरची फटफटी वाटेत बंद तं नाही पडली, काकाजी?"

"नाही पडली."

"खरं सांगा."

मी त्याचा हात धरला. बायकोचा असा घोर माझ्याशिवाय आणखी कोणाले लागला असंन, हे मले ठाऊक नव्हतं.