झडपेवरचा बर्फ

अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या डुलुथमध्ये डेल्बर्ट स्कोगलंड भित्रा म्हणून ओळखला जायचा. कपडे वाळवायच्या ड्रायरची गरम हवा घराबाहेर सोडणारे पाइप साफ करणं हा त्याचा एकोणीस वर्षांचा धंदा. पाइपात साचलेल्या कपड्यांच्या तंतूंनी घरं कशी पेटतात, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. चर्चच्या तळघरात कॉफीला आला की लोक म्हणायचे, "आला बघा! आता कॉफीही पेट घेणार." तोही हसायचा, पण भीती काही जायची नाही. असा एक भित्रा प्रत्येक गल्लीत हवाच.

जानेवारीतल्या एका दुपारी तो आर्डिस तोलेफसनबाईंकडे पाइप साफ करायला गेला. बाई ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या. सवयीप्रमाणे तो आधी घराला वळसा घालून पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी गेला. आतून ड्रायरची घरघर ऐकू येत होती. तोंडावरच्या झडपेवर मात्र बर्फ जसाच्या तसा. ना वाफ, ना खाली वितळलेला खळगा.

तो मागच्या दाराकडे धावला. यंत्र चालू आहे, तर गरम हवा जातेय कुठे? बाईंच्या मुलानं नाताळात त्यांना गॅसवर चालणारा ड्रायर घेऊन दिला होता. त्याचा विषारी वायू घरात कोंडला तर वासही येत नाही. माणूस बसल्या जागी झोपतो, तो उठतच नाही.

"आर्डिसबाई! दार उघडा!"

उत्तर नाही. त्यानं ब्रशच्या दांड्यानं मागच्या दाराची काच फोडली आणि हात घालून कडी काढली. बाई खुर्चीत मान टाकून पडल्या होत्या. त्यानं त्यांना ओढत बाहेर आणलं आणि अँब्युलन्सला फोन केला. दोन-तीन मिनिटांनी बाईंनी डोळे उघडले. त्या क्षणी तो रडायचाच बाकी होता.

"दार लाव मेल्या! सगळी ऊब चालली," बाई पुटपुटल्या. "डोकं फुटतंय माझं."

"ऊब गेली खड्ड्यात, आधी श्वास घ्या! ड्रायरची नळी भिंतीतून कोणी काढली?"

"मीच. तंतू अडवायला तोंडाला जुना पायमोजा बांधून घरातच सोडली. एवढ्या थंडीत गरम हवा फुकट कशाला घालवायची?"

"कोणत्या शहाण्यानं शिकवलं हे?"

"तूच की रे. चर्चमध्ये, कॉफीच्या वेळी."

डेल्बर्टला आठवलं. हो, सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी, ऐटीत. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. ती युक्ती फक्त विजेच्या ड्रायरसाठी होती. पण तसं आपण बोललो होतो का? काही केल्या आठवेना.

अँब्युलन्स बाईंना घेऊन गेली. तो तिथंच बर्फात उभा राहून त्या दिवशी कोण कोण बसलं होतं ते आठवू लागला. पहिला चेहरा आठवला तो बहिणीचा. तिच्याकडे गॅसचाच ड्रायर होता. त्यानं तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली.