सुटा दिसणारा धागा

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. या सदरात कुणी मळ्यातली पांढरी बाई लिहिली की मी ऑफिसात मोठ्यानं वाचून हसायचो. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तर तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा... कारण भीती वाटली म्हणून मी हे लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय.

आमचं ऑफिस सोलापुरात, नवी पेठेत, एका कापड दुकानाच्या वर. एक खोली, चार टेबलं, आणि जिन्यात कायम कोऱ्या कापडाचा वास. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. त्यातलं एक अक्कलकोटकडच्या डायलिसिस सेंटरसाठी. पेशंटच्या पाळ्या लावायच्या, आणि पाळी बदलली की आदल्या संध्याकाळी आपोआप फोन करून रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवायचा. मराठीवाल्यांना मराठीत, कन्नडवाल्यांना कन्नडमध्ये.

कन्नड निरोप अण्णांच्या आवाजात होता. अण्णा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. उमेदीची वर्षं मागावर काढली, नंतर चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, ऑफिसात मराठी. सकाळी आल्या आल्या प्रत्येकाला "ऊट आयता?" म्हणून विचारायचे... जेवलास का? मी रोज "हो" म्हणायचो. रोज खोटं असायचं, आणि रोज त्यांना कळायचं. डबा पुढं सरकवायचे.

त्यांची काम करायची पद्धत मागावरची. ताण्याच्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडतात. आधीच जुना ओढून काढला, तर सगळं पहिल्यापासून ओवत बसा. म्हणून अण्णा फायलींतही जुनी ओळ कधी काढायचे नाहीत. तिच्याखाली नवी जोडायचे आणि शेजारी टीप लिहायचे. मी त्याला ‘अण्णांची भंगारपेटी’ म्हणायचो. तोंडावर.

अण्णा गेल्या वर्षी वारले. दोन दिवसांच्या तापात.

आता माझा पराक्रम. नवीन व्हर्जन शुक्रवारी चार वाजता पाठवायचं होतं. पाठवण्याआधी आवराआवर करतात. दुसऱ्यांनी लिहिलेले कुठले कुठले तुकडे आपण वापरतो त्याची एक यादी असते, आणि एक सेटिंगची फाईल. दोन्हींत वर्षानुवर्षांचा गाळ साठतो. मी म्हटलं, साफ करतो. बिनवापराचं शोधणारं टूल चालवलं. त्यानं जे जे दाखवलं ते ते उडवत गेलो. दिवाळीआधी माळा साफ करणाऱ्या माणसाला जो माज चढतो ना, तोच मला चढला होता.

एका ओळीपाशी अण्णांची टीप होती : "हा धागा सुटा दिसतो, सुटा नाही. तोडण्याआधी विचारणे."

मी ती सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हटलं, "आता विचारायला कुठं जाऊ? वर?"

सगळे हसले. आमच्या मालकीण मेघना मॅडमसुद्धा, तोंडावर हात ठेवून. मग मी ती ओळ उडवली. टीप उडवली. सर्व्हरवरची एक आवाजाची फाईल अनाथ दिसत होती, तीही उडवली. तपासण्या सगळ्या हिरव्या. चारला पाच कमी असताना नवीन व्हर्जन गेलं, आणि मी सगळ्यांना भजी खिलवली.

सोमवारी अकराच्या सुमारास सहज रविवारचा लॉग बघितला. सेंटरचं एक मशीन बिघडलं होतं, त्यामुळं मंगळवार दुपारच्या सगळ्या पाळ्या सोमवारी सकाळी आणल्या होत्या. मराठी फोन गेलेले. कन्नड फोन — शून्य. एरर नाही, काही नाही. त्या पाळीला कन्नडवाली पाच माणसं होती, आणि सॉफ्टवेअरनं त्यांच्याकडं नुसतं बघितलंच नव्हतं.

ती ओळ कन्नड निरोपाची होती. तो तुकडा सेटिंगमधून नावानं बोलावला जायचा, म्हणून टूलला त्याचा वापर दिसला नाही. अण्णांनी हेच तर लिहिलं होतं.

ही पाळी चुकली तर पुढची मोकळी जागा थेट गुरुवारी. तोवर अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. हे मला माहीत होतं, त्या सेंटरची माहितीपुस्तिका मीच टाईप केली होती.

माणसानं काय करावं? फोन करावा. मी काय केलं? मॅडमना सांगितलं, दाढ दुखतेय. गाडीला किक मारली आणि अक्कलकोट रस्त्याला लागलो. फोनवर ‘माझ्यामुळं झालं’ म्हणायची छाती नव्हती. अख्खा रस्ता मी कारणं पाठ करत होतो. नेटवर्क. मोबाईल कंपनी. पाऊस... पाऊस तर पडलाही नव्हता.

आत गेलो तर पाचही जण आलेले. पाचही! ओळीनं मशीनला लागून पडलेले.

शैला सिस्टर मला बघून म्हणाल्या, "या की साहेब! तुमचं नवीन सॉफ्टवेअर लई भारी झालंय बगा. आमच्या कन्नडवाल्या म्हाताऱ्या नुसत्या खूश."

"तुम्ही फोन केलेत का त्यांना?" मी विचारलं.

"मी कशाला करू? तुमच्या कॉम्प्युटरवर वेळा टाकल्या नि घरी गेले. त्याचंच तर काम हाय ते. आणि आता जेवलात का पण विचारतंय म्हणं! कुनाची आयडिया?"

यावर मी जे बोललो ते लिहिताना बोटं जड होतायत. मी म्हणालो, "हो... नवीन व्हर्जनमध्ये टाकलंय."

सिस्टरनी मला चहा दिला. मी प्यालो.

मग कडेच्या खाटेवरच्या गंगव्वा आजींजवळ गेलो. फोन बघू का म्हटलं. बटणांचा जुना फोन. रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्याच नंबरवरून आलेला फोन. वेळ : चार मिनिटं.

आमचा निरोप बावीस सेकंदांचा होता.

"आजी, चार मिनिटं काय बोललात?"

"बोलला की लई. आदी म्हनला, ऊट आयता? मी म्हनलं, झालं. मग म्हनला, उद्या सकाळी ये. मी म्हनलं, सून म्हायेरी गेलीया, मला कोन आननार? तर म्हनला, दुधाची गाडी निगती की तुमच्या गावातनं, तिच्यात बस."

"कोण होता? नाव सांगितलं?"

"न्हाय. हमेशाचाच आवाज की. दर बारीला घडाघडा बोलून ठेवून देतोय, काल निवांत होता." आजींनी मोकळ्या हातानं पदर सारखा केला. "आनी म्हनला, आमच्यात एक पोरगं हाय, घाईचं. इचारत न्हाय कुनाला. त्याच्यावर रागवू नका. उद्या येईल ते, सकाळपासनं जेवलं पन नसंल म्हनला."

मी खरंच जेवलो नव्हतो.

आजींनी फोन परत घेतला. "ते पोरगं तूच काय रे तमा?" तमा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ.

मी म्हणालो, "नाही."

परत आल्यावर मी सगळं खणून काढलं. आमच्या बाजूनं रविवारी कन्नडमध्ये एकही फोन गेलेला नाही. मोबाईल कंपनीच्या यादीतही नाही. ऑफिस बंद होतं. मॅडम पुण्यात लग्नाला होत्या, आणि त्यांना कन्नडमधलं ओ की ठो कळत नाही. आवाजाची फाईल सर्व्हरवर नव्हतीच, मीच उडवलेली. जुन्या कॉपीतून ती काढून ऐकली. बावीस सेकंद. जेवलात का, हे त्यात कुठंच नाही.

त्याच दुपारी ओळ परत लावली. टीपही, शब्दाला शब्द. माझा एक शहाणा मित्र म्हणतो, काहीतरी क्रॉस कनेक्शन असेल. असेल. मग दुधाच्या गाडीचं त्याला कसं कळलं, हे मी त्याला विचारतो, तेव्हा तो चहा मागवतो.

मॅडमना अजून वाटतंय माझी दाढ दुखत होती. हे छापून आलं की कळेलच. सिस्टरनाही कळेल. पण गंगव्वा आजींना मराठी वाचता येत नाही, म्हणून या शुक्रवारी त्यांच्या पाळीच्या वेळी मी अक्कलकोटला जाणार आहे. एवढंच सांगायला...

हो आजी. मीच ते.

आणि जेवून जाणार आहे.