चेहरे विसरणारा फोटोग्राफर

माझे बाबा फोटोग्राफर होते आणि त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हे मला कळलं तेव्हा मी पाचवीत होते. तोपर्यंत मला वाटायचं की ते जरा तुसडे आहेत. गावातल्या बऱ्याच लोकांनाही तसंच वाटायचं.

आमचं घर आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याला, हमरस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत. पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. निळा पडदा, एक स्टूल, दोन मोठे दिवे, खुंटीला अडकवलेला काळा कोट आणि आरशापाशी सुतळीनं बांधून ठेवलेला कंगवा, कारण कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशात जायचे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. न्हाणीघर दुपारी जेवणं झाल्यावर डार्करूम व्हायचं, म्हणून आमच्या आंघोळी सकाळीच उरकाव्या लागत. लायसनला फोटो लागतो म्हणून ट्रक ड्रायव्हर यायचे, पासबुकासाठी खेड्यांतले शेतकरी यायचे, फॉर्म भरणारी पोरं यायची, आणि लग्न नुकतंच झालेली जोडपी यायची, ती स्टुलाच्या दोन बाजूंना अवघडून उभी राहायची.

बाबा कोणाशी फार बोलत नसत. एक प्रश्न मात्र सगळ्यांना विचारायचे, "कोनतं गाव?" आलेला माणूस गाव सांगायचा, मग पाऊस, कापूस, एसटी असं काहीतरी बोलायचा. बाबा मान खाली घालून दिवे सरकवत ऐकायचे. दोन दिवसांनी तोच माणूस फोटो न्यायला आला की बाबा पुन्हा विचारायचे, "कोनतं गाव?" माणूस म्हणायचा, "अजी, परवाच तर सांगतलं." काही जण हसायचे, काही जण रागवायचे. बाबांच्या हातात त्याचाच फोटो असायचा आणि ते तो फोटो बघून, समोरच्या माणसाला बघून, परत फोटोकडे बघायचे.

कोटामुळे त्यांची आणखीनच पंचाईत व्हायची. ज्याच्या अंगावर बरा सदरा नसेल तो आमचा काळा कोट घालून फोटो काढायचा. मग अर्धे फोटो काळ्या कोटातले. बाबा आईला म्हणायचे, "हा कोट फेकून दे." आई म्हणायची, "लोकं कोटासाठीच तर येऊन राह्यले."

आई अगदी उलट. एकदा पाहिलेला माणूस ती दहा वर्षांनी ओळखायची, वर त्याच्या बहिणीचं सासरही सांगायची. पण हातात घेतलेलं काम तिच्या हातात टिकत नसे. पोळी तव्यावर टाकून ती दाराशी जायची, दाराशी फुलझाड सुकलेलं दिसायचं, पाणी आणायला जायची, तिथे बादलीला पडलेली चीर दिसायची. पोळीचा वास आला की आम्ही मुलं धावायचो. घरात यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. काही बिनसलं की बाबा त्या गोष्टीचा विचार करत बसायचे, आणि आईला स्वतःवर हसू यायचं.

एकदा मात्र हसण्यासारखं नव्हतं. धुतलेले फोटो शेवटी साध्या पाण्याच्या टबात ठेवावे लागतात आणि वेळेवर काढावे लागतात. ते काम आईकडे होतं. एका लग्नाचे फोटो तिनं टबात सोडले आणि शेजारी हळद कुटायला गेली, ती तिन्हीसांजेलाच परतली. तोवर कागदावरचा थर सुटून आला होता. नवरीचा चेहरा बोट लावलं की सरकत होता. बाबांनी एकेक फोटो उचलून पाहिला, मग न्हाणीघराचं दार लावून सगळे निगेटिव्हवरून पुन्हा छापले. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तू इसरत नाहीस. तुले जे दिसत नाही, ते तुह्यासाठी राहतच नाही."

 दुसऱ्या दिवशी फोटो टबात सोडल्यावर आईनं फोटो उचलायचा बांबूचा चिमटा घेतला आणि कमरेला खोचला. चिमटा लांब होता. बसताना टोचायचा, वाकताना आडवा यायचा, आणि तो टोचला की तिला टब आठवायचा. त्यानंतर चिमटा कमरेला असेपर्यंत ती कुठेही गेली तरी आम्ही निर्धास्त असायचो. बाजारात तिला कोणी विचारलं, "हे काय खोचलं?" तर ती सरळ सांगायची, "घरी फोटो भिजून राह्यले."

फोटोंच्या कडा कापायचं कामही तिचंच. एकटी बसली की चार फोटो कापून ती उठायची. बाबांच्या लक्षात एक गोष्ट आली. शेजारच्या तेलुगू घरातली बाई विड्या वळायला आमच्या ओट्यावर सावलीत येऊन बसायची त्या दिवशी अख्खा गठ्ठा संपायचा. दोघींचं बोलणं फारसं व्हायचं नाही. तिला मराठी जेमतेम यायचं, आईला तेलुगू बाजारापुरतं. ती आईला 'वदिना' म्हणायची, म्हणजे वहिनी. एकीच्या हातात कात्री, दुसरीच्या हातात तेंदूचं पान. बाबांनी त्या बाईला काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त ओट्यावर एक चटई टाकली, तिच्या सुपड्यासाठी लाकडी पाट ठेवला, आणि आईचं कापायचं सामान तिथे नेऊन ठेवलं. ती रोज यायला लागली. का ते तिलाही कळलं नसावं. सावली बरी होती.

बाबांची स्वतःची एकच अट होती. न्हाणीघराच्या दारावर लाल बल्ब लागला असेल तर कोणी हाक मारायची नाही. मध्येच बोलावलं तर ते बाहेर यायचे, पण मग त्यांना संध्याकाळपर्यंत काम सुचत नसे. पाहुणे आले, पोस्टमन आला, तरी आई बल्बाकडे बोट दाखवायची. एकदा माझा मामा नाराज होऊन निघून गेला. आईनं त्याला दुसऱ्या दिवशी डबा भरून पाठवला, पण बल्ब लागलेला असताना हाक मारली नाही.

आता पाचवीतली गोष्ट. आमच्या शाळेत वर्गांचे फोटो काढायला बाबांना बोलावलं होतं. मला कोण अभिमान. सगळ्या मुली एकाच गणवेशात, दोन वेण्या, कानांवर लाल रिबिनी. बाबांनी कॅमेरा लावला, काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमी जरा डाव्या हाताले सरका." अनोळखी मुलींशी बोलताना त्यांचा तो आवाज असे. मला वाटलं गंमत करतात. मी हसले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा कडक आवाजात. मी सरकले. मैत्रिणीनं विचारलं, "तुह्या बाबांनी तुले वळखलं नाही का?" मी म्हटलं, "ते कामात असले का असेच असतात."

घरी येऊन आईला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "त्यायले चेहरा दिसते, पन बसत नाही."

"म्हणजे?"

"तुले पाढा जसा बसत नाही, तसा."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला फार नवल वाटलं. मी दुसऱ्या दिवसापासून बाबा कशावरून ओळखतात ते बघायलाच लागले. मैत्रिणीचा फ्रॉक घालून स्टुडिओच्या दारात गप्प उभी राहिले. बाबा म्हणाले, "कोनतं गाव?" मी दोन पावलं चालले तर लगेच म्हणाले, "कोनाचा फ्रॉक घातला?" एकदा केस मोकळे सोडून उभी राहिले, ओळखलं नाही. खोकले, ओळखलं. बाबांच्या लक्षात आलं की पोरगी आपली परीक्षा घेते आहे. ते चिडले नाहीत. उलट त्यांनाच उत्सुकता वाटायला लागली. मला स्टुलावर बसवून म्हणाले, "आता पाह. मी तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलो. नाक दिसते, डोये दिसते, सगळं दिसते. आता मी डोये मिटले." त्यांनी डोळे मिटले. "गेलं. फक्त कान राह्यला."

"कान?"

"तुह्या डाव्या कानाची पाळी चिकटलेली हाय, उजवी सुटी. मी कान वळखतो. कान कोनी बदलत नाही."

म्हणूनच ते प्रत्येक गिऱ्हाइकाला कान दिसतील असं बसवायचे आणि बायकांना पदर जरा मागे घ्यायला सांगायचे. लोकांना वाटायचं सरकारी नियम आहे. त्या दिवशी मी विचारलं, "मग तुम्ही फोटोग्राफर का झालात?" ते म्हणाले, "कागदावर माणूस थांबते. मले किती पन येळ पाहता येते."

फोटो तयार झाले की पाकिटात घालून डब्यात ठेवायची पद्धत होती. पण आईच्या लेखी डब्यात गेलेली गोष्ट संपली. तिनं 'नीट ठेवलेली' पाकिटं आम्ही तांदळाच्या पिंपामागे शोधायचो. नाव विचारून शोधावं तर ओळखीच्या माणसाला नाव विचारणं बाबांना जमेना. समोरचा दुखावतो हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. शेवटी आईनं स्टुडिओत आडवी दोरी बांधली आणि तयार फोटो चिमट्यांनी लटकवले. आलेला माणूस स्वतःचा चेहरा शोधून काढून न्यायचा. बाबांना ओळखायची गरज नाही, आईला आठवायची गरज नाही. दोघंही खूश होते. लोकही दोरीपुढे उभे राहून कोण कसा निघाला ते बघत बसायचे.

मग एक दिवस नार्नूरकडचा एक शेतकरी आला. पांढरा सदरा, धोतर, हातात पिशवी. पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणून तिचा फोटो काढून घेतला होता. दोरीवर दोन ट्रक ड्रायव्हरांच्या मधे तो लटकत होता. शेतकरी आवाज न चढवता म्हणाला, "माही पोरगी चार लोकायच्या मधात काऊन लटकवली?"

बाबांनी दोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कोनती तुमची?"

त्या माणसाचा चेहरा लाल झाला. "तुमीच फोटो काढला. तुमीच इचारता कोनती?"

मी दारात होते. आई आतून आली, कमरेला चिमटा. ती काही बोलणार तेवढ्यात बाबा बोलले. हे त्यांनी बाहेरच्या माणसाला आजवर सांगितलं नव्हतं. "दादा, मले चेहरे लक्षात राहत नाही. तुमची पोरगी उद्या समोर आली तरी मी वळखनार नाही. तुमी परत आले तर तुमाले पन नाही. मी थट्टा नाही करून राह्यलो. फोटो लटकवला ही चूक झाली."

 तो माणूस स्टुलावर बसला. राग कुठे गेला कळलं नाही, त्याच्या जागी कुतूहल आलं. "बायकोले कसं वळखता?"

"ती आली का घरात काही ना काही पडते," बाबा म्हणाले.

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. तो माणूसही हसला. "अन् बैल? बैल वळखता?"

"बैल वळखतो. शिंगं राहते ना."

त्यानं बराच वेळ एकामागून एक प्रश्न विचारले. शेळ्या ओळखता का, स्वप्नात कोण दिसतं, आरशात काय होतं. बाबा प्रत्येकाचं उत्तर विचार करून देत होते, जणू त्यांनाही ते आत्ताच कळत होतं. आईनं चहा केला. जाताना तो माणूस म्हणाला, "तुमी नाव इचारत जा ना सगळ्यायले. सगळ्यायले इचारलं तर कोनाले राग येनार?"

बाबांना हे पटलं. एकाला विचारणं आणि सगळ्यांना विचारणं यात एवढा फरक असतो हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी बाजारातल्या पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, तेलुगू, मराठी आणि उर्दूत: फोटो नेताना नाव आणि गाव सांगावे. फोटो पाकिटांत गेले, पण पाकिटं डब्यात नाही, दोरीवरच, मोठ्या अक्षरातलं नाव बाहेर करून. आईला ती दिसत राहायची. गिऱ्हाईक आत आलं की पाटी वाचून आपण होऊनच नाव सांगायचं. ज्याला वाचता येत नसे त्याला आधीच्यानं सांगितलेलं ऐकून कळायचं. बाबांना तुसडे म्हणणारे हळूहळू कमी झाले. तो शेतकरी पुढे पोरीच्या लग्नाचे फोटो काढायला बाबांना घेऊन गेला आणि मांडवात दारापाशी उभं राहून, कोण नवरीची मावशी, कोण नवरदेवाचा काका, ते शेवटपर्यंत सांगत राहिला.

नव्वदनंतर रंगीत फोटो आले. रोल आदिलाबादला धुवायला जायचे, न्हाणीघर पुन्हा न्हाणीघर झालं. बाबांना त्याचं वाईट वाटलं. अंधारातलं काम त्यांना सर्वात आवडायचं. मी तोवर शिकायला नागपूरला गेले होते. मानसशास्त्राच्या तासाला एका बाईंनी सांगितलं की काही माणसांना चेहरे ओळखता येत नाहीत आणि त्याला नाव आहे. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या, मी लिहायचं विसरले.

सुटीत घरी गेल्यावर जेवताना मी ते सांगितलं. बाबांनी घास थांबवला. "औषध हाय?"

"नाही."

"मंग नाव कायले ठेवलं?"

 आई म्हणाली, "म्हनजे आनखीन लोकं हायेत असे?"

"आहेत. जगभर."

"अन् माह्यासारख्याचं काही नाव हाय का?"

असावं, मी बाईंना विचारून येते, असं मी म्हणाले, पण तोवर आई ताट तसंच ठेवून मागच्या दाराकडे गेली होती, तिथे काहीतरी वाजलं होतं. बाबा वरणभात कालवत बसले होते. कालवता कालवता त्यांनी मला विचारलं, चेहरे लक्षात न राहणारी ती बाकीची माणसं काय धंदा करतात, आणि लग्नाला गेली की कशी निभावून नेतात, तेवढं तुमच्या पुस्तकात दिलेलं आहे का.