रखमीचा हात, रविनाचं नाव
सायवनजवळच्या आमच्या पाड्यावर लग्न निघालं की नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड रखमीनेच करायचे. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. तिच्या पापडाला वाळताना भेग जात नसे, आणि तेलात सोडला की दुप्पट फुलायचा. आठ वर्षांपूर्वी ती टोपली घेऊन डहाणूला स्टेशनबाहेर विकायलाही बसली होती. रोज कोणीतरी जागेवरून उठवायचं. महिनाभराने ती परत आली. कुठे गेली होतीस, का आलीस, पाड्यावर कोणी विचारलं नाही.

यंदा होळीनंतर बचत गटाने पापडाचा धंदा रविनाला काढून द्यायचं ठरवलं. रविना तलासरीकडून लग्न होऊन आलेली, तेवीस वर्षांची. तिच्या नवऱ्याचा हात वापीला कारखान्यात मशीनमध्ये सापडला, तेव्हापासून घर तिच्यावर आलेलं. मग सगळा पाडा पुढे झाला. गटाची अध्यक्ष जमना हिने आपली पडवी दिली. घराघरातून सूपभर नागली आली. पुरुषांनी बांबू तोडून वाळवणाचा मांडव घातला.

रखमीला दारातून सगळं दिसायचं. तिचा नवरा लाहू कोयता घेऊन निघाला तेव्हा तिने विचारलं, "तुला कोणी बोलावलंय?"

"बोलवायला कशाला पाहिजे?" म्हणत तो गेला.

माझ्यासाठी यांच्यातला एक तरी स्टेशनपर्यंत आला होता का, हे रखमीच्या मनातून जाईना. रविना हसली तरी तिला राग यायचा. मांडवाचा एखादा खांब कलला की बरं वाटायचं.

आणि शिकवायला जमनाने तिलाच बोलावलं. रखमी गेली. मीठ, तीळ, पापडखार, सगळं बरोबर सांगितलं. फक्त शेवटी म्हणाली, "पाण्यात पीठ घोटलं की लगेच उतरव. जास्त शिजवू नको."

खरं तर झाकण ठेवून चांगली वाफ द्यावी लागते. पीठ कच्चं राहिलं की पापड उन्हात तडकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांडवावरचे सगळे पापड तडकले. आता बायका रविनाला बोलतील म्हणून रखमी दारात उभी राहिली. पण कोणी बोललं नाही. जमनाने कढई चढवली, तुकडे तळले, आणि सगळ्या खाली बसून चहाबरोबर खाऊ लागल्या. "उद्या परत करू," जमना म्हणाली. एक ताटली रखमीकडेही आली. तिने ती तशीच परत पाठवली.

संध्याकाळी रविना आली. ओट्याच्या कडेला टेकली.

"काकी, पीठ कच्चं राहिलं ना?"

रखमी सुपातले खडे निवडत राहिली.

"माझी आजी झाकण ठेवायची. मला आठवत होतं. पण तुम्ही सांगितलंत म्हणून उतरवलं."

"आठवत होतं तर माझं कशाला ऐकलंस?"

"माझ्या लग्नात तुमचे पापड होते. तसे आजीलाही जमले नाहीत कधी."

रखमीने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी मुद्दाम सांगितलं तसं."

"मला वाटलंच."

"जमनाला सांगितलंस?"

"नाही."

हे ऐकून रखमीला जास्तच लागलं. पोरीने भांडण केलं असतं तर सोपं झालं असतं. तिने पदर खोचला, "नागली भिजत घातलीस का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जमनाच्या पडवीकडे चालू लागली. जमनालाही तिने स्वतःच सांगून टाकलं. जमना एवढंच म्हणाली, "मग उद्या चुलीपाशी तूच बस."

तेव्हापासून चुलीपाशी रखमीच बसते. कामाचे पैसे तिलाही मिळतात. पापड डहाणूला जातात, पाकिटावर मात्र रविनाचं नाव असतं. परवा दोघी पापड द्यायला गेल्या, तेव्हा डहाणूच्या मसोली भागातल्या दुकानातली दक्षाबेन रविनाला म्हणाली, "तुझ्या हाताला चव आहे हं."

"हात काकींचा आहे," रविनाने रखमीकडे बोट दाखवलं.

दक्षाबेन रखमीकडे बघून हसली, मान हलवली आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर रविनालाच सांगू लागली. रखमी बाजूला उभी राहून ऐकत होती. आकडा तिने नीट लक्षात ठेवला, पण परतीच्या एसटीत सायवन येईपर्यंत ती रविनाशी एक शब्द बोलली नाही.